१९०४ सालचे रविवार

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे संघमित्राने जुन्या पॉवरपीसी मॅक कॉम्प्युटरचं एक हँडल धरलं, तेव्हा दुसरं आधीच कुणाच्या तरी हातात होतं.

"सोडा ना," ती म्हणाली. "वाचनालयासाठी पाहिजे. पुस्तकांची यादी ठेवायला."

"सोडतो. पण याची जुनी सिस्टीम आता चालणार नाही, लिनक्स टाकावं लागेल. जमतं तुम्हाला?"

"नाही… तुम्हाला?"

"शिकतोय," तो म्हणाला आणि असा काही हसला, की तिनेच हँडल सोडलं.

हर्षद मुलुंडला प्रिंटर दुरुस्त करायचा. पुढच्या रविवारी मॅक घेऊन तो घाटकोपरला तिच्या वाचनालयात हजर. लिनक्सची डिस्क मात्र आणली इंटेलच्या, म्हणजे वेगळ्या प्रोसेसरच्या मशीनची. मॅकने त्या डिस्ककडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या रविवारी डिस्क बरोबर होती. डिस्कवरून मशीन सुरू करताना की-बोर्डवरचा 'सी' दाबून धरायचा असतो. तिने धरला. बटण अडकतंय म्हणून त्याने तिच्या बोटावर बोट ठेवलं. डिस्क फिरायला लागली, तरी बोट कुणीच उचललं नाही.

लिनक्स बसलं, पण सुरू करताना स्क्रीन काळी. तिसरा रविवार काळा, चौथा काळा, पाचवाही काळा. संघमित्राला नोंदीची सवय; प्रत्येक खटपट ती वाचनालयाच्या रजिस्टरात लिहायची. 'स्क्रीन काळी. हर्षद, दोन चहा.' एव्हाना दोघं 'तू'वर आले होते. तो तिला मनापासून आवडायला लागला होता आणि धास्तीही त्याचीच होती. मशीन चाललं, की हा कशाला येतोय?

पण यादी तर व्हायलाच हवी होती. शनिवारी तिने स्वतःच नेटवर शोधलं. एका फोरमवर हाच प्रश्न सापडला. विचारणारा: हर्षद, मुलुंड. खाली उत्तर होतं, बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करायच्या ओळीत एक शब्द जोडा. तीन आठवड्यांपूर्वीचं! आणि त्याखाली हर्षद: 'थँक्स. करून बघतो. सध्या घाई नाही.'

तिला आधी राग आला, मग एकटीच हसत सुटली. तिने तो शब्द जोडला. स्क्रीन उजळली.

रविवारी हर्षद दारातच थबकला. "चालू… झालं?"

"फोरमवरच्या तुझ्याच प्रश्नाच्या उत्तराने. घाई नव्हती म्हणे तुला?"

"वाट लागली…" तो स्टुलावर बसला. "सॉरी गं. हे चाललं असतं तर तू थँक यू म्हणाली असतीस, आणि मी परत मुलुंडला. मला तू आवडतेस यार. सरळ सांगायला फाटत होती, बस."

त्याने बॅगेतून एक छोटा सेल काढला.

"हा आणलाय. आतल्या घड्याळाचा सेल मेलाय, म्हणून वायर काढली की तारीख १९०४ वर जाते. हा टाकला की संपलं काम."

तिने त्याची मूठ मिटवली. "ठेव तो बॅगेत. दर रविवारी येऊन तारीख लाव. मलाही आवडतोस तू, मूर्खा."

मग तिने रजिस्टर ओढून लिहिलं: 'स्क्रीन चालू. घड्याळ बंद. सध्या घाई नाही.'