शर्टावरून ऐकलेली छाती

पटलं तर घ्या. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही, आणि लेटा कॉडिल थापा मारणाऱ्यातली नाही.

नोव्हेंबरातला सोमवार. दुपारचे तीन. केंटकीच्या डोंगरातला आमचा छोटा दवाखाना.

लेटा अकरा वर्षं नर्स. स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देता यावीत म्हणून ती पुढचं शिकत होती. दवाखान्यातल्या वरिष्ठ वेर्नाबाईंच्या हाताखाली शेवटचे सहा तास उरलेले. त्यांची सही झाली की सुटली एकदाची.

पेशंट आत बसला की खूण म्हणून दाराबाहेरची लाल पट्टी वर करायची. आधी लेटा तपासणार, मग बाईंना सांगणार.

तीन नंबरच्या खोलीची पट्टी वर होती.

ती आत गेली. एक म्हातारा पाठमोरा बसलेला... उघडा. शर्ट घडी करून मांडीवर. पाठीवर कातडीत कोळसा मुरलेले, खाणकामगाराचे निळे डाग.

होबर्ट फ्यूगेट!

गुरुवारीच तो खोकत आला होता. बाहेर ही गर्दी. लेटाने जाड शर्टावरूनच स्टेथोस्कोप टेकवला आणि लिहिलं, छाती साफ. बाईंनी तिच्या शब्दावर त्याला घरी सोडलं. एरवी त्या रोज टोमणा मारायच्या, शर्टाला न्यूमोनिया होत नाही, आतल्या माणसाला होतो.

"आता ऐक, पोरी," तो मागे न बघताच म्हणाला.

तिने स्टेथोस्कोप पाठीला लावला.

डावीकडे... काही नाही.

उजवीकडे... काही नाही.

श्वास नाही. ठोका नाही. पाठ बर्फासारखी गार.

ती धडपडत बाहेर आली. बाई फोन खाली ठेवत होत्या.

"होबर्ट गेला गं. आज पहाटे. न्यूमोनिया." त्यांनी गुरुवारचा कागद पुढे ओढला. "तू छाती साफ लिहिलंयस. नीट ऐकलं होतंस ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. कुणाला कळणार होतं?

मागे तीन नंबरचं दार किरकिरलं...

"शर्टावरून ऐकलं," लेटा म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

खोलीत कुणी नव्हतं. सही झाली नाही. अख्खं वर्ष पुन्हा करावं लागलं.

आज ती तिथेच पेशंट तपासते. तीन नंबरची पट्टी अजूनही मधूनच आपोआप वर होते. नव्या नर्स पोरी म्हणतात, सैल झालीये. लेटा वाद घालत नाही. स्टेथोस्कोप घेऊन आत जाते, दार लावते.

एकदा न राहवून मी विचारलं, काय ऐकतेस आत?

"अजून तरी काहीच नाही," ती म्हणाली आणि पेशंट तपासून आल्यासारखी हात धुवायला गेली.