सात नंबरची ट्रंक

दार उघडलं, तर उंबरठ्याबाहेर माझी ट्रंक आणि तिच्यावर चक्क एक माणूस बसलेला!

"उठा," मी म्हणाले.

तो ताडकन उठला. उंच, उन्हाने रापलेला, हातात तुटकं कुलूप. "सॉरी मॅडम. ही बहुतेक तुमची… आणि माझी तुमच्याकडे आली असावी."

"कुलूप कोणी तोडलं?"

"मीच. किल्ली लागेना."

"किल्ली लागेना म्हणजे ट्रंक आपली नाही, एवढं साधं कळू नये?"

"थंडी वाजत होती हो. वाटलं, आत माझे स्वेटर आहेत. उघडली तर…" तो जरा घुटमळला. "एक म्हातारी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती."

हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. राग काय रोज रोज इतका हक्काचा मिळतो?

असला घोटाळा फक्त फौजी घरांतच होऊ शकतो. आमच्या घरात कपाटं नाहीत, काळ्या ट्रंका आहेत. आईचा दिवाण म्हणजे ट्रंका आणि वर गादी. प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव, त्याआधी हुद्दा, खाली नंबर. बाबांना बढती मिळाली की आमच्याकडे सगळ्यात आधी ट्रंका रंगतात. या वेळी ते कर्नल झाले आणि बदलीही त्याच सुमारास आली. सगळ्या ट्रंकांवर नवा हुद्दा चढला, माझी तेवढी शेवटी राहिली. काळ्या रंगाने जुनं नाव झाकलं, तिच्यावर नुसता सात आकडा पडला आणि ट्रक दारात येऊन उभा राहिला. त्याच ट्रकमधून या कॅप्टनसाहेबांचंही सामान आलं. त्यांच्याही सात नंबरच्या ट्रंकेवर नाव नव्हतं; तिच्यात लोकरीचे स्वेटर होते. माझ्या ट्रंकेत माझं सगळं जग होतं.

मी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करते. त्या दुपारी इथल्या शाळेत माझा खेळ होता. तो आवडला तर मला तिथे नोकरी मिळणार होती. बाबांची ही शेवटची बदली, म्हणजे ही पहिलीच नोकरी जी मला सोडावी लागणार नव्हती. मी ट्रंक उघडून एकेक बाहुली तपासली. राजाची दोरी ओढली, तर त्याचा उजवा हात खाडकन कपाळाला!

"हे काय केलंत?"

"ट्रकमध्ये हात निखळला होता त्याचा. मी शिवून दिला."

"राजा कधी सॅल्यूट करतो का?"

"त्याच्यापेक्षा वरचा कुणी आला तर करावाच लागेल की."

टाके उसवायला गेले, तर दुहेरी दोरा, वर गाठीवर गाठ. माणसाने शिवला होता की तंबू? "चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. "तुम्ही घोळ घातलाय, तुम्हीच निस्तरा."

निस्तरायला काही उरलंच नाही. राजाने प्रधानाला सॅल्यूट ठोकला, म्हातारीला ठोकला, गाढवाला ठोकला तेव्हा तर मुलं बाकांवरून खाली गडगडली. पडद्यामागे प्रधानाच्या दोऱ्या धरून बसलेले कॅप्टनसाहेब तोंडात रुमाल कोंबून हसत होते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता… आणि मी तो बाजूला केला नाही. नोकरी मिळाली. शाळेच्या मुख्य बाईंनी कौतुक केलं ते मात्र सॅल्यूटचं! संताप होणार नाही तर काय?

मग ते सुट्टीच्या दिवशी येतच राहिले. आधी कुलूप आणून द्यायला, मग दोऱ्या गुंतल्यात का ते बघायला. मग कारण सांगणंच बंद झालं. मी दर वेळी भांडायचं ठरवायची आणि त्यांच्या बुटांचा आवाज आला की केस नीट करायची. मला तो माणूस आवडत होता. फार आवडत होता. याचाही मला रागच यायचा.

एका दुपारी दोऱ्या गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "माझी बदली झालीय. सीमेवर. तिथे कुटुंब नेता येत नाही."

"कुणाचं कुटुंब?"

"तेच विचारायचं होतं… तुम्ही हो म्हणालात तर—"

माझा भडका उडाला. "म्हणजे मी इथे डोळ्यांत प्राण आणून वाट बघत बसू? आणि मग तुम्ही म्हणाल तिथे ट्रंका भरू? माझी आई नर्स होती, कॅप्टनसाहेब! प्रत्येक बदलीला एक नोकरी सोडली तिने. शेवटी शोधायचीच बंद झाली. तिच्या माहेरच्या साड्यासुद्धा बाबांच्या हुद्द्याखाली ठेवलेल्या आहेत. मला कुणाचं सामान व्हायचं नाही!"

त्यांनी दोऱ्या खाली ठेवल्या, टोपी उचलली आणि गेले. मी राजाला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा दार वाजलं. उंबरठ्याबाहेर एक नवी कोरी काळी ट्रंक. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. शेजारी ते उभे, एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश.

"वाट बघू नका," ते म्हणाले. "खेळ करा. रजेवर मीच येईन, दोऱ्या धरायला. नोकरी सोडा असं मी कधी म्हणणार नाही. कधी यावंसं वाटलंच, तर तुमच्या नावाने या. ते मी लिहायचं नाही, म्हणून रंग घेऊन आलोय." मग घसा खाकरून अगदी हळू, "माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे आधी सांगायला हवं होतं का?"

"आधीच सांगायचं असतं!" मी ओरडले. "एवढंही शिकवत नाहीत का तुम्हाला?"

आवाज ऐकून आईबाबा बाहेर आले. मी त्यांच्यासमोरच खाली बसले, ब्रश बुडवला आणि ट्रंकेवर माझं नाव लिहिलं. पुढे हुद्दा नाही, मागे कुणाचं नाव नाही. एक अक्षर ओघळलं.

"आणि नंबर?" त्यांनी भीत भीत विचारलं.

मी मोठ्ठा एक काढला. "तुझी दोन नंबरची," मी म्हणाले. "चालेल?"

त्या वेड्याने मला सॅल्यूट ठोकला, अगदी राजासारखा. मी त्याचा हात कपाळावरून ओढून काढला आणि हातात धरून ठेवला. माझ्या बोटांचा पांढरा रंग त्याच्या तळव्याला लागला.

बाबांनी समाधानाने मान हलवली. आई मात्र माझ्या ट्रंकेकडे बघत होती. मग ती आत गेली. दिवाणावरची गादी ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ ट्रंक सरकवल्याचा.

"बाळा," आतून तिचा आवाज आला, "रंग उरला असेल तर इकडे आण."

"अगं, त्यांच्यावर माझं नाव आहे!" बाबा म्हणाले.

"आहे ना. म्हणून तर काळा रंगही लागेल. तो तुम्ही आणा."

कर्नलसाहेब निमूटपणे चपला घालून काळा रंग आणायला निघाले.