उजव्या पानावरचं नाव

या, अंमळ जवळ सरून बसा. आज एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात कुणी किंचाळत नाही, दारं आपोआप उघडत नाहीत. शाळेतल्या एका तासाची ही गोष्ट. तो तास होऊ नये म्हणून एका माणसानं जंग जंग पछाडलं, आणि तरी तो झाला.

झुराव्ने गावच्या शाळेत ओदार्का इतिहास शिकवायची. पोल्तावाहून तिथं यायला बस दोन तास घेते. नोव्हेंबरात चिखल झाला की तीन. शाळा विटांची, दुमजली. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पिलिप गुरुजींचं निळ्या खिडक्यांचं घर. ओदार्काला अक्षरं गुरुजींनीच शिकवलेली. तीस वर्षं ते मुख्याध्यापक होते, आणि आता त्याच खुर्चीत त्यांचा मुलगा वालेरी बसायचा. गुरुजी त्र्याण्णवाचे, पण काठीसारखे ताठ. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून उशिरा येणाऱ्या पोराकडे बघायचे, मग घड्याळाकडे बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. पोरगं धूम ठोकायचं.

त्या वर्षी ओदार्का कीव्हला चार दिवसांच्या शिबिराला जाऊन आली. एकोणीसशे तेहतीस सालची उपासमार शाळेत कशी शिकवावी, यासाठी ते शिबिर होतं. तिथल्या संशोधक बाईंनी सांगितलं की तो दुष्काळ नव्हताच. शेतात पिकलं होतं. सरकारनं घरोघरी माणसं पाठवून ते उचलून नेलं, शेवटच्या मुठीपर्यंत. मुलांना लाखांचे आकडे सांगू नका, ते डोक्यावरून जातात, असंही त्या म्हणाल्या. आपल्या गावची नावं शोधा आणि मोठ्यानं वाचा. नोव्हेंबरातला चौथा शनिवार त्या माणसांच्या स्मरणाचा असतो. त्या दिवशी नववीच्या वर्गात हा तास घ्यायचा, असं ओदार्कानं येतानाच बसमध्ये ठरवलं. तिच्या स्वतःच्या घरातली सात माणसं त्या साली गेली होती, आणि त्यांच्यासाठी गावात एक साधा दगडसुद्धा नव्हता.

पण नावं आणायची कुठून? गावच्या दप्तरात बत्तीसची मृत्युनोंद होती, चौतीसची होती. मधलं पुस्तक नव्हतं. नावं होती ती गावातल्या एकट्या हाप्का आजीच्या वहीत.

तशी वही तिकडे घरोघरी असते. देवळात न्यायची, पाद्र्यापुढे ठेवायची. डाव्या पानावर जिवंत माणसं, त्यांच्या आरोग्यासाठी. उजव्या पानावर गेलेली, त्यांच्या शांतीसाठी. आडनाव नाही, हुद्दा नाही, बारशाचं नाव तेवढं. पाद्री एका संथ सुरात ती गात जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी अंगणातून एकेकाला घरात बोलावतंय. चुकून जिवंत माणसाचं नाव उजवीकडे पडलं तर ते माणूस झुरणीला लागतं, असं बाया सांगतात. मग वहीच्या धन्यानं ते खोडायचं, डावीकडे लिहायचं आणि देवाची क्षमा मागायची.

हाप्का आजी तेहतीस साली आठ वर्षांची होती. वही तिच्या आईची, रानफळांच्या रसाच्या जांभळ्या शाईनं लिहिलेली. गावातलं कुणी गेलं की आई त्याच दिवशी नाव लिहायची; शेवटी शेवटी पडल्या पडल्या. आजीनं सांगितलं की घरात उरलेला मूठभर घेवडा आईनं पाळण्यात, तान्ह्या तोदोसच्या खाली दडवला होता. दडवलेलं धान्य हुडकायला लोखंडी गज घेऊन आलेल्या टोळीत एकोणीस वर्षांचा पिलिप होता. त्यानं बाळ उचललं, घेवडा झोळीत ओतला.

"आणि पोराला परत ठेवून नीट पांघरूण घातलं हो त्यानं," आजी म्हणाली. "तेच विसरता येत नाही."

शाप दिलात का, असं ओदार्कानं विचारलं. आजी म्हणाली, शाप कसला. त्याचं नाव तिनं डावीकडेही कधी लिहिलं नाही आणि उजवीकडेही लिहिणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षं देवापुढे त्याला आणलंच नाही.

"वही ने, पोरी. पण वाचलीस तर सगळी वाच. मधेच थांबणं म्हणजे भुकेल्याला ताटावरून उठवणं."

वहीत एकशे पासष्ट नावं होती. नववीत मुलं अकरा. ओदार्कानं प्रत्येकाला पंधरा पंधरा नावं सुंदर अक्षरात उतरवायला दिली. मुलांनी दोन दिवसांत कागद आणून दिले, आणि ते भिंतीवर लावायला घेताना तिच्या लक्षात आलं की प्रत्येकावर सोळा नावं आहेत.

सोळावं नाव सगळीकडे एकच. पिलिप.

तिला आधी राग आला. गावात त्या नावाचा दुसरा माणूस नव्हता. पोरांनी गुरुजींची थट्टा केली असणार. तिनं यारिनाला बोलावलं. ही वर्गातली सगळ्यात हुशार आणि जिभेनं तितकीच तिखट.

"बाई, मला काय जास्तीचं लिहायची हौस आहे?" यारिना म्हणाली. "वहीत होतं ते लिहिलं. पंधरा असती तर पंधरावरच सुटले असते."

ओदार्कानं वही उघडली. यारिनानं उतरवलेल्या पानावर पंधरा नावं होती. खाली कागद कोरा. तिनं बोट फिरवलं, तर कोरी जागा दमट लागली आणि बोटाला ओल्या भुशाचा वास आला. तिनं अकराही कागद आणि वही इतिहासाच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकघरात रायसा हसत हसत सांगत होती. रायसा म्हणजे वालेरीची बायको, गुरुजींची सून; शाळेतल्या मुलांना तीच रांधून घालायची.

"आमच्या सासऱ्यांना या वयात भूक फुटलीय. काल बीटच्या सारानं भरलेलं पातेलं एकट्यानं संपवलं, आणि पातेलं घासायच्या आत विचारतात, आज जेवायला देणार आहेस की नाही?"

सगळ्या हसल्या. पुढच्या सोमवारी रायसा हसत नव्हती. सासरे दिवसभर खातात आणि दिवसभर वाळतात, म्हणाली. मनगटावरून घड्याळ गळून पडलं. पाय मात्र सुजलेत, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या आजोबांनी तेहतीस साली असे पाय पाहिले होते.

बुधवारी दुपारी गुरुजींनी ओदार्काला बोलावून घेतलं.

ते टेबलाशी बसले होते. पुढे पाव, डुकराच्या चरबीचे काप, बटाटा भरलेल्या वारेनिक्यांचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा डोंगर, त्यावर साय. ते बोलताना खात होते, खाताना बोलत होते. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती पोत्यासारखी उभी होती.

"माझं नाव खोड," ते म्हणाले.

"कुठलं नाव, गुरुजी?"

"मला शिकवू नकोस. अकरा कागद आहेत. तुझ्या कपाटात."

गुरुजींनी सांगितलं, वहीतले ते सगळे जेवणाच्या वेळेला येतात. टेबलाभोवती उभे राहतात. मोठे मागे, पोरं पुढे. चमचा वर जातो तसे त्यांचे डोळे वर जातात. घास तोंडात गेला की त्याची माती होते.

"मागत काही नाहीत," ते म्हणाले. "मागितलं असतं तर हाकलून दिलं असतं."

ओदार्काच्या मनात दया यायला हवी होती. आली नाही. आपल्या घरची सात कुठे उभी असतील, एवढंच तिच्या मनात आलं. आणि वाटलं, रायसा, अजून वाढ यांना.

पण तिनं त्यांना एक वाट मोकळी ठेवली. शनिवारी वर्गात या, ती म्हणाली. कुणाच्या घरातून काय उचललं ते मुलांना स्वतःच्या तोंडानं सांगा. मी हाप्का आजींचा हात धरून तुमचं नाव डावीकडे लिहून घेते.

गुरुजींचा चमचा थांबला. त्यांनी खिडकीतून शाळेकडे पाहिलं. मधली सुट्टी होती. फाटकाशी पोरं खिदळत होती.

"वरून हुकूम होता. मी शिस्तीत काम केलं. त्या पोराला पांघरूणसुद्धा घातलं."

"आजींनी सांगितलं ते."

"ती पोरं अजून मला बघून पळतात, ओदार्का. त्यांच्यापुढे मी चोर म्हणून उभा राहू?" त्यांनी पावाचा लचका तोडला. "तास होणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी वालेरीनं दुसऱ्या किल्लीनं कपाट उघडून वही आणि कागद नेले. शुक्रवारी ओदार्कानं जाब विचारला तर तो म्हणाला, कीव्हला चार दिवस काय गेलात बाई, येताना गावभरची भुतं घेऊन आलात. परीक्षेचं बघा.

वही गुरुजींनी चुलीत घातली होती. रायसानं हे डोळे पुसत सांगितलं. कागद जळताना घरभर ताज्या पावाचा वास सुटला, म्हणाली. सासरे चुलीपुढे तोंड उघडून बसले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

शनिवारी दुपारी बारा वाजता ओदार्का तरीही वर्गात गेली. वर्ग वरच्या मजल्यावर. अकराही मुलं आली होती. मागच्या बाकावर हाप्का आजी डोक्याला काळा रुमाल बांधून बसली होती.

वही गेली, ओदार्कानं सांगितलं. मला माझ्या घरची सात नावं पाठ आहेत. आज तेवढीच म्हणते.

"बाई, मला माझी पंधरा येतात," यारिना म्हणाली आणि उभी राहिली.

तिनं सुरुवात केली. खोमा. यावदोखा. प्रिस्का. लहानगा तोदोस. आवाज तिचाच होता, पण तिखटपणा कुठे गेला कुणास ठाऊक. तो संथ सूर देवळातला होता, आणि ही मुलगी कधी देवळात गेली नव्हती. पंधरा झाली. ती बसली आणि शेजारचा मुलगा उठला. कुणी पाठ केलं नव्हतं. कुणी अडखळलं नाही.

दार उघडलं. वालेरी तास थांबवायला आला होता. त्यानं तोंड उघडलं, आणि तसाच चौकटीत उभा राहिला. तो खिडक्यांकडे बघत होता.

काचांवर वाफ धरत होती. एकेका नावाबरोबर एकेक ठिपका, तळहाताएवढा. काही वर, काही अगदी खाली, चौकटीला लागून.

वाफ बाहेरच्या बाजूनं होती. खाली सरळ भिंत आणि चिखल.

अकरावं मूल बसलं. एकशे पासष्ट झाली.

सोळावं नाव कुणीच म्हटलं नव्हतं. मुलं ओदार्काकडे बघत होती. काचेवरचे ठिपके मोठे होत होते, लहान होत होते, धापेसारखे.

न म्हणणं तिच्या हातात होतं. हे ती पुढे पाद्र्यापाशीही कबूल करायची. मात्र पश्चात्ताप झाला, असं कधी म्हणाली नाही.

ती वालेरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पिलिप."

मागच्या बाकावर हाप्का आजीनं छातीवर क्रुसाची खूण केली.

काचा स्वच्छ झाल्या. एकदम नाही, एकेक करून, रस्त्यापलीकडच्या निळ्या खिडक्यांच्या दिशेनं.

रायसाला सासरे टेबलाशीच सापडले. साराची वाफ अजून निघत होती. हातात चमचा, गालात पाव. वालेरीनं त्यांना एका हातावर उचललं. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार असं लिहिलं. तेहतीस सालीही असंच काहीबाही लिहीत.

मुलांनी नावं पुन्हा नव्या वहीत उतरवली, आणि तो तास आता दर वर्षी होतो. वालेरी दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकतो. त्याला कुणी बस म्हणत नाही.

राहिली रायसा. माणूस गेलं की चाळीस दिवस त्याच्यासाठी खिडकीत पाण्याचा पेला आणि त्यावर पावाचा तुकडा ठेवतात. तिनं ठेवला. सकाळी कड तेवढी उरली होती, आणि कडेवर दातांचे ठसे होते. दुधाच्या दातांचे. दुसऱ्या दिवशी तिनं दोन तुकडे ठेवले. चाळीस दिवस सरले, पण तिचा हात थांबत नाही. रोज पहाटे ती पीठ मळते. सासऱ्यांना काही मिळावं म्हणून एक तुकडा वेगळा, उंच फळीवर ठेवते. सकाळी तोही नसतो. फळीखाली स्टूल ओढलेलं असतं.

तेव्हा जेवायला बसाल त्या वेळी पहिला घास घेण्याआधी त्या रायसाची आठवण ठेवा. तिनं कुणाच्या तोंडचं काही काढून घेतलं नव्हतं.