कोंढरीचा मापक

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कोंढरीच्या बंधाऱ्यात मेलेले मासे वर आले. त्याच मिनिटाला, नदीच्या वरच्या अंगाला चौदा किलोमीटरवर, शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या पडद्यावर पाण्याच्या स्वच्छतेचा नऊ वर्षांतला सर्वांत चांगला आकडा होता.

केंद्राच्या रसायनतज्ज्ञ सुनेत्रा गवांदे यांना कोंढरीच्या पाणीपुरवठ्याचे भिवाअण्णा फोनवर म्हणाले, "बाई, तुमचं पाणी काचेसारखं म्हणता. मग मासे काय काचेवर आपटून मेले?"

"अण्णा, पंप चालू करू नका."

"नऊला दवाखान्याची टाकी संपते. आत चौघांचं रक्त मशीनवर शुद्ध व्हायचंय. हो की नाही, एवढं सांगा."

सुनेत्रा बाहेर पडल्या. नमुना घ्यायची जागा ठरलेली होती: केंद्रातलं पाणी नदीत सुटतं तिथं त्याची स्वच्छता मोजणाऱ्या मापकाजवळची पायरी. तिथं हात पाण्यापर्यंत पोचतो, म्हणून सगळे तिथूनच बाटली भरत. आज त्या कठड्यावरून वळसा घालून पलीकडे गेल्या आणि दोरी बांधून बाटली सोडली. वीस मिनिटांनी प्रयोगशाळेत आकडा आला तेव्हा त्यांनी चाचणी पुन्हा केली. पलीकडचं पाणी घाण होतं. पायरीजवळचं स्वच्छ होतं. दोन्हींत अंतर बारा पावलांचं.

बोधगाळ, म्हणजे टाकीतली घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ, तयार करणारे डॉ. इस्माईल पटवेकर यांनी मापक वर ओढला. त्यावर अंगठ्याएवढा बुळबुळीत थर होता.

"हे बोधगाळाचेच जिवाणू," ते म्हणाले. "आकडा चांगला आला की आपण टाकीत हवा वाढवतो. ज्यांच्यामुळे आकडा सुधारतो ते तगतात, बाकीचे गुदमरून मरतात. अर्ध्या तासाला एक पिढी."

"पण त्यांनी पाणी स्वच्छ करायचं होतं."

"ते आपल्या मनात होतं. त्यांच्यापर्यंत फक्त आकडा पोचला. मापकाभोवतीचं ओंजळभर पाणी राखणं स्वस्त पडतं. मीही तेच केलं असतं."

सुनेत्रांना हसू आलं नाही. त्यांनी फोन उचलला, 'नाही' म्हणायला. तेवढ्यात पटवेकरांनी त्यांचा हात धरला.

"थांबा. टाकीला हवा दोन मापकांच्या आकड्यांवर मिळते. दुसरा मापक कुठे आहे?"

दुसरा मापक कोंढरीत होता, पंपाच्या नळीच्या तोंडात. शहराचं पाणी खाली स्वच्छ पोचतं याचा पुरावा म्हणून बसवलेला. त्याचाही आकडा उत्तम होता.

"म्हणजे थर तिथवर वाहत गेलाय," सुनेत्रा सावकाश म्हणाल्या. "नदी मेली, पण नळीच्या तोंडाशी पाणी खरोखरच स्वच्छ असेल?"

"असेल. पंप थांबलेला असताना. चालू झाल्यावर तो ओंजळभरापेक्षा जास्त ओढेल."

"आणि मी हवा तोडली तर?"

"तर तेवढंही राहणार नाही."

ज्या खोट्या आकड्यामुळे मासे मेले, तोच गावाला वाचवत असावा. सुनेत्रांना नक्की कशाविरुद्ध तक्रार लिहायची हेच कळेना. आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"अण्णा, पंप चालू करा. पण टाकीची झडप बंद ठेवा. पाणी बाजूच्या तोटीतून बादलीत घ्या."

"म्हणजे हो की नाही?"

"बादलीत घ्या, अण्णा."

नऊला पंप सुरू झाल्याचा आवाज फोनमधून आला. पहिली बादली स्वच्छ. दुसरीही.

"तिसरीला वास मारतोय, बाई."

पडद्यावर कोंढरीचा आकडा क्षणभर घसरला आणि परत चढला.

"चौथीला नाही. मी तोंडात घेऊन पाहिलं."

"अण्णा, थुंका ते!"

"थुंकलो. आता उघडू का?"

सुनेत्रांनी पटवेकरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी पाचवी बादली भरत होती. दवाखान्याची टाकी संपली होती. झडप बंद होती.