जखम भरली म्हणे!

"म्याडम, डब्यात मासे हायेत काय?"

कामठीच्या शेअर ऑटोत मांडीवर थर्माकोलचा डबा धरून बसलेल्या मुलीला असं विचारतात का? ऐन वेळी माझी स्कूटी बंद पडली होती, डब्यातला बर्फ वितळत होता, आणि समोर हा… कुरळ्या केसांचा, खोडकर डोळ्यांचा!

"मगर आहे," मी म्हटलं. "हात घालून बघा."

तो खो खो हसला. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं त्याला कोपर मारलं. "गप रे प्रज्वल! पोरीले त्रास नको देऊ."

"औषध आहे, मावशी," मी जरा नरमले. "काचबिंदूच्या ऑपरेशनचं. नागपूरला दवाखान्यात नेतेय."

त्याचं हसू तिथंच थांबलं. "आमी बी तिथंच चाललो," तो म्हणाला.

त्याच्या आईचा, अनुसयाबाईंचा, डावा डोळा काचबिंदूनं आधीच नेला होता. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि नजर जाते. त्या डोळ्याचं ऑपरेशन करून पाण्याला बारीक वाट काढून दिली होती. पण आपलं शरीर अतिशहाणं! जखम समजून त्यानं ती वाट बुजवून टाकली. आता उरला होता उजवा. त्याच्यासाठी होतं आमच्या लॅबचं पेप्टाइडचं जेल, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, पाणी धरून बसणारे. ते वाटेच्या तोंडाशी बसवायचं, की तिथं जाड वण धरत नाही. सशांवर जमलं होतं. माणसांवरच्या चाचणीत अनुसयाबाई पहिल्या. चार वर्षं मी ते जेल घोटलं होतं, आणि आता त्यांचा एकुलता डोळा… माझी तर झोपच उडाली.

ऑपरेशन झालं. मग दर तपासणीला प्रज्वल भेटायचाच.

"मी कापडाचे लूम दुरुस्त करतो," एकदा तो चहा फुंकत म्हणाला. "तुटलेला धागा जोडला का लोक शाबासकी देतात. अन् तुमी जुळू नये म्हणून औषध करता!"

"सगळंच जुळू देऊ नये."

"सगळंच?…"

त्यानं असं पाहिलं, की माझा बिनसाखरेचा चहाही गोड लागला. मेला!

तिसऱ्या महिन्यात, तपासणीच्या दिवशी, त्याचा फोन आला. "म्याडम, आईची जखम भरली! एकदम भरून गेली! डॉक्टरनंच सांगतलं. संत्रा बर्फी घेऊन राहिलो, लवकर या!"

भरली? मी हातातलं काम टाकून धावले. जखम भरली की लोक देवाला नारळ फोडतात. आमच्याकडे भरली म्हणजे वाट बंद, दाब वर, आणि डोळा गेला.

दवाखान्यात पोचले ती रडतच. तो बर्फीचा डबा घेऊन दारात उभा.

"काहून रडून राहिल्या?"

"अहो, भरली म्हणजे बुजली ना! मावशींचा डोळा… माझ्यामुळं…"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

तेवढ्यात ऑपरेशन केलेल्या डॉक्टर वंदना बाहेर आल्या. "अरे, वरची शिवण भरली म्हटलं मी! आतली वाट चांगली मोकळी आहे. दाब बारा! आधी एकतीस होता."

बारा! मी इतक्या जोरात ओरडले की कंपाउंडर धावत आला. एका डोळ्यानं औषध सिद्ध होत नाही, अजून पुष्कळ डोळे बाकी आहेत, कळतं मला. पण आज जिंकलो होतो आम्ही!

आत अनुसयाबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"दिसून राहिलं ना, मावशी?"

"दिसते ना! तू रडली ते दिसते. अन् हा गधा तीन महिन्यांपासून तुह्याकडं कसा पाहून राहिला, ते बी दिसते मले."

"आई!…" प्रज्वल लालेलाल. "म्याडम, ते… म्हणजे मी…"

"म्याडम काय लावलं?" अनुसयाबाईंनी त्याला दटावलं. " रुचिका म्हण. अन् काय ते सरळ बोल ना गा!"

"तुह्याशी लग्न करायचं हाय मले," तो एका दमात म्हणाला. "चालते काय वं?"

एवढी तोंडाची तिखट मी! खाली बघत नुसती मान हलवली.

"हो म्हणते रे!" अनुसयाबाई टाळी वाजवून ओरडल्या. "मान हालवली तिनं… मी पाहिलं!"