चुकांची फेरी

शाळांसाठी तपासायला आलेला कुठलाही प्रश्नमंजूषेचा खेळ बाई आधी मुद्दाम चुकत खेळायच्या. शाबासकी काय, कुणीही देईल. चुकलेल्या मुलाशी खेळ कसा वागतो ते त्यांना बघायचं असे. कुठे खिदळणारा विदूषक निघाला, कुठे भोंगा वाजला, की लाल पेनाने फुली बसलीच म्हणून समजा. वर्षाकाठी तीसेक खेळ संगणकावर यायचे आणि त्यातले पंचवीस तरी आल्या पावली परत जायचे. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'नापासबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या दुपारचा खेळ तिसरी-चौथीसाठी होता. पडद्यावर एक हिरवा पोपट, खाली तीन उत्तरं. सात आठे किती, मधमाशीला पाय किती, असलंच सगळं. बाईंनी शिस्तीत दहाच्या दहा उत्तरं चुकवली. पोपट हसला नाही की चिडला नाही. "पुन्हा बघ हं, बाळा," एवढंच म्हणायचा. शहाणा आहे हो, असं मनाशी म्हणत बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

अकरावा प्रश्न आला. तू बसली आहेस त्या खोलीला खिडक्या किती?

आता आली का पंचाईत! निरीक्षणाचा प्रश्न छानच, पण खरं उत्तर या पोपटाला कुठून कळणार? बाईंना हुरूप आला. खोलीला खिडक्या होत्या दोन, एक समोर आणि एक डावीकडे. डावीकडच्या उन्हाने रोज त्यांचा खांदा भाजायचा. बाईंनी ठरल्याप्रमाणे चुकीचं, 'एक' दाबलं.

"शाब्बास, बाई!" पोपट म्हणाला.

'चुकीचं उत्तर बरोबर धरतो,' असं कागदावर लिहिताना बाईंना अक्षर नीट दिसेना. खांदा गार पडला होता. त्यांनी मान वळवली. डावीकडे सलग भिंत होती, भिंतीला फायलींचं कपाट आणि कपाटावर बोटभर धूळ. पलीकडच्या टेबलावरच्या हेडक्लार्कना त्यांनी विचारलं, इथली खिडकी कधी बुजवली? हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं. तिथे खिडकी कधी नव्हतीच, म्हणाले, आणि बरं वाटत नसेल तर घरी जा म्हणाले.

बाईंनी उठून कपाटामागे हात घातला. गिलावा जुना होता, ओल धरलेला. त्या परत येऊन बसल्या तेव्हा पुढचा प्रश्न लागला होता.

तुम्हाला मुली किती?

खाली तीन उत्तरं. एकही नाही. एक. दोन.

मुलगी एकच, अकरा वर्षांची. या वेळी शाळेतून येऊन घरी एकटीच असायची. नवरा गेल्यापासून बाईंना तेवढंच माणूस होतं. चुकांची फेरी गेली खड्ड्यात. त्यांनी 'एक' दाबलं.

"पुन्हा बघा हं, बाई."

बंद करायच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं आणि लगेच उचललं. उत्तर चूक म्हणून तसंच राहिलं, आणि खिडकीसारखी लेकही नाहीशी झाली तर? त्यांनी घरी फोन लावला. लेकीने उचलला. बोलत राहा, ठेवू नकोस, एवढंच बाईंनी सांगितलं. लेक बिचारी वर्गातल्या भांडणाचं काहीबाही सांगू लागली. तिचा आवाज कानाशी धरून बाईंनी पुन्हा 'एक' दाबलं.

"पुन्हा बघा हं, बाई. आता शेवटची संधी."

बाईंचं टाळकं सरकलं.

"हे बघ," त्या मोठ्याने म्हणाल्या, "बावीस वर्षं मी वर्गात पोरं तपासली. मला तपासणारा तू कोण रे? माझी मुलगी मी जन्माला घातली आहे, तुला विचारून नाही. एक म्हणजे एक."

हेडक्लार्क खुर्चीतून अर्धवट उठले. बाईंनी तिसऱ्यांदा तेच बटण दाबलं.

पोपटाने डोळे मिटले. पडदा काळा झाला.

फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं.

"आहेस ना गं?"

"आहे की," लेक म्हणाली.

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अख्ख्या कागदावर लालभडक 'नापास' लिहिलं. इतकं दाबून की कागद फाटला.

"आई, फोन ताईला देऊ? केव्हाची मागतेय."

बाई काही बोलायच्या आत फोन हातातून हातात गेला. तिकडे कुणीतरी हळूच श्वास घेतला.

"आई," ताई म्हणाली, "तिन्ही वेळा तू एकच म्हणालीस."