घाटातलं टोचन

दार लोटून घ्या, आणि तो मोबाइलचा उजेड आधी विझवा. अंधारातली गोष्ट अंधारातच ऐकावी. मध्येच कुणी "मग काय झालं" म्हणून विचारायचं नाही. जे झालं ते मी क्रमानं सांगतो, आणि जे मला कळलं नाही ते मनानं जोडत नाही.

शिरपूरचा चांद मिस्त्री तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. हे सगळं त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलं, आणि सांगता सांगता हातातला चहा गार होऊ दिला. चांद हा चहा गार होऊ देणारा माणूस नव्हे.

त्याच्या कानाचं तालुक्यात नाव होतं. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक लोखंडाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठलं बेअरिंग रडतंय ते तो गाडी न खोलता सांगायचा. बायकोची हाक मात्र त्याला तिसऱ्या वेळी ऐकू येई, पण ते सगळ्याच नवऱ्यांचं असतं.

तारीख सांगतो. दोन हजार चोवीस साल, नोव्हेंबरची चौदा, गुरुवार. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास रिसोडचा हरीओम आपली सात सीटची मोठी डिझेल गाडी घेऊन गॅरेजवर आला. ती गाडी चांदचा एकुलता एक मुलगा अमान विकत घेणार होता. शनिवारपासून तो अकोल्याच्या सवाऱ्या मारणार होता, म्हणजे रोज घाट, जाता एकदा आणि येता एकदा. अमाननं गाडीला नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. फक्त एक गोष्ट अडली होती. गाडीतून एक आवाज येत होता, बारीक, रडवा, लांबलेला. चढाला लागली की गाडी कण्हायला लागायची.

"कवापासून?" चांदनं विचारलं.

"टोचन केलं तवापासून," हरीओम दुसरीकडे बघत म्हणाला. "तुमाले तं मालूम हाय, चांदभाई."

चांदलाच काय, साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं. दिवाळीच्या आधी मेडशीच्या पुढच्या जुन्या घाटात रतनसिंगची पिकअप बंद पडली होती. रतनसिंग पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा, कापूस वाहून पोट भरणारा. मागून येणाऱ्या हरीओमनं त्याला टोचन लावून वर ओढायला घेतलं, आणि वरच्या वळणावर दोर तुटला. पिकअप रतनसिंगसकट उलटी दरीतल्या नाल्यात गेली, तो जागीच संपला. बिचाऱ्या हरीओमनं भलं करायला जाऊन बालंट ओढवून घेतलं, असं लोक म्हणत होते.

टोचन म्हणजे बंद गाडी दोरानं ओढून नेणं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याचा कायदा ठाऊक नसेल, तो आम्ही जुने ड्रायव्हर पाळतो. पुढच्या गाडीला इंजिन असतं, मागच्या गाडीला फक्त हॉर्न. दोन छोटे हॉर्न म्हणजे चल. एक लांब हॉर्न म्हणजे थांब. लांब हॉर्न ऐकला की पुढच्यानं थांबायचं, उतरायचं, मागच्याच्या खिडकीशी जायचं आणि काय झालं ते विचारायचं. मग चढ असो, पाऊस असो, नाहीतर बापाची मयत असो.

चांदनं गाडी जॅकवर घेतली. मागच्या आसाचं ऑइल काढून बोटांवर चोळलं, त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. चाकं हातानं फिरवली, लोण्यासारखी फिरली. बेअरिंगला पेचकस लावला. आत सगळं शांत.

"हा आवाज म्या ऐकेल हाय," तो म्हणाला. "मागं तीन टनाचं ओझं असन तं मागचे दाते असे रडतात. पण हे तं रिकामी हाय. रिकामी गाडी काहून रडन?"

हरीओम व्यवहाराचंच बोलत राहिला. त्याला गाडी लवकर गळ्यातून काढायची होती, एवढं चांदला दिसलं. पण तिच्यात बसणार आपला पोरगा, म्हणून चांद हटून बसला. आवाज चढावर येतो ना, मग चढावरच ऐकायचा. आणि बारीक आवाज ऐकायचा तर रात्रीसारखी वेळ नाही, रस्त्यावर दुसरी गाडी नको. जेवणं उरकून साडेनऊला तिघं निघाले. अमान स्टेअरिंगवर, हरीओम त्याच्या शेजारी. मागची सीट दुमडून चांद उघड्या पत्र्यावर पालथा झोपला, पेचकसाचं टोक बरोबर मागच्या आसाच्या वर. असं झोपल्याशिवाय मागचा आवाज पकडता येत नाही.

मालेगाव गेलं, मेडशी गेली. आवाज नव्हता. अमान खुशीत होता, गाडी कशी पळते ते बापाला सांगत होता. पावणेअकराला त्यांनी मोठा रस्ता सोडला आणि जुन्या घाटाला लागले. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे क्वचितच कुणी फिरकतं. चांदणं मात्र एवढं स्वच्छ होतं की रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता.

आधी ते घाट उतरून तळाशी गेले. तिथे गाडी वळवली आणि चढाला लागले. पहिल्या वळणावर आवाज आला.

"दाब," चांद मागून ओरडला. अमाननं ॲक्सिलेटर दाबला. आवाज वाढला. "सोड." आवाज उतरला. "दाब." पुन्हा वाढला. अगदी ओझ्याच्या गाडीसारखा.

"अब्बा," अमान म्हणाला, "गाडी ओढून नाई राह्यली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो."

"आरशात पाह्य. मागं काई हाय का?"

"काईच नाई. लख्ख रस्ता हाय."

दुसरं वळण गेलं, वरचं तिसरं आलं. गाडी पहिल्या गिअरवर आली. इंजिन गुरगुरत होतं आणि गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. चांदनं पेचकस आणखी दाबून कानाशी धरला, डोळे मिटले. रडव्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज होता. बेअरिंगचा नव्हे, दात्यांचाही नव्हे.

हॉर्न होता. एक लांब हॉर्न.

त्यानं कान काढला. हॉर्न नाही, फक्त ते कण्हणं. पुन्हा कान लावला. हॉर्न. न थांबता, एकसारखा. कुणीतरी तळहात दाबूनच धरलेला.

चांदनं कान काढला नाही. तो तसाच पडल्या पडल्या बोलला.

"हरीओम. त्या राती रतनसिंगनं हॉर्न देल्ता का?"

पुढची सीट करकरली.

"देल्ता का?"

"नाई... मले ऐकू नाई आला."

गाडी थांबली. अमाननं थांबवली नव्हती. चाकं फिरत होती, मुरूम मागे उडत होता, आणि गाडी जागच्या जागी. मग हळूच... मागे.

"अब्बा! मागं चालली!"

त्यानं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. चाकं जाम झाली, तरी गाडी मागेच. घसरत. डाव्या हाताला. डावीकडे कठडा नव्हता, तो त्या रात्री पिकअपनंच नेला होता. चांदला सगळं कळलं. स्वतःचं त्याला काही वाटलं नाही. पुढे स्टेअरिंगवर आपला पोरगा आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हरीओम, खरं बोल! माह्यं लेकरू हाय गाडीत!"

"देल्ता!" हरीओम किंचाळला. "लांब हॉर्न देल्ता! चढावर थांबलो अस्तो तं गाडी पुन्हा उचलली नस्ती... म्हणून थांबलो नाई. त्यो वाजोतच होता... वाजोतच होता..."

पुढे दोघं रडत होते की ओरडत होते, चांदला आठवत नाही. अमानचा पाय पुन्हा ॲक्सिलेटरवर गेला होता. कोणत्याही ड्रायव्हरचा जाईल. मागे दरी असताना पुढेच जावंसं वाटतं. पण चांदच्या कानात तो हॉर्न अजून वाजत होता, आणि त्याचा एकच अर्थ होतो.

"अमान, थांब."

"थांबलो तं मरू आपण!"

"माह्यं ऐक. पाय काढ. न्यूट्रल कर. चावी फिरव."

अमाननं एकदा वळून बापाकडे पाहिलं. मग न्यूट्रल केलं. चावी फिरवली. हँडब्रेक वर ओढला, आणि पाय उचलले.

गाडी हातभर मागे गेली... आणि टेकली.

शांतता. इंजिन नाही, कण्हणं नाही. रातकिडासुद्धा नाही. चांदनं पेचकस कानाला लावून पाहिला. हॉर्नही थांबला होता.

चांदनं पेचकस खाली ठेवला. मग चांद हळू म्हणाला, "उतर, हरीओम."

"नाई."

"थांबल्यावर पुढच्यानं मागं जायचं अस्ते. उतर. त्याले इचार, काय झालं."

हरीओम उतरला. कसा उतरला ते त्याचं त्याला माहीत. चांद मागच्या काचेतून बघत होता. हरीओम गाडीच्या मागे गेला. पाच पावलं. सात. टोचनच्या दोराएवढं अंतर गेल्यावर तो थांबला, बाजूनं वळला, आणि जरासा वाकला. खिडकीशी वाकतात तसा. त्याचा एक हात पुढे आला आणि हवेत टेकला. तिथे काहीच नव्हतं, चांदण्यात एकट्या हरीओमची सावली होती. त्याचे ओठ हलले.

मग तो ऐकत राहिला.

किती वेळ, सांगता येत नाही. मधूनच मान हलवायचा. एकदा त्यानं दोन्ही हात जोडले.

परत येऊन तो सीटवर बसला. चांदनं विचारलं, काय म्हणाला? हरीओमनं ते तेव्हा सांगितलं नाही आणि आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एवढंच बोलला, "सकाळी तांड्यावर जाऊ. तुमी चाला माह्यासंगं." अमाननं गाडी सुरू केली. गाडी रिकाम्या गाडीसारखी चढली. आवाज आला नाही, तो त्यानंतर कधीच आला नाही.

शुक्रवारी सकाळी चांद हरीओमबरोबर तांड्यावर गेला. रतनसिंगची बायको रामीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हरीओम तिच्यासमोर मातीत बसला आणि जे झालं ते त्यानं चार माणसांसमोर सांगितलं. दोर आपसूक तुटला नाही, मी थांबलो नाही, म्हणून सांगितलं. चांदला वाटलं, ही बाई आता याला पायताणानं हाणेल. तिनं हात थांबवले आणि एकच विचारलं.

"किती येळ वाजोत होता त्यो?"

हरीओमनं मातीत बोट रोवलं. मग म्हणाला, "तीन वळणं."

रामीबाईनं पदर तोंडाला लावला. चांद तिथून उठून बाहेर आला, त्याला ते बघवलं नाही.

दुपारी गॅरेजवर त्यानं गाडी पुन्हा जॅकवर घेतली. आता पोराला ती द्यायची नव्हती हे पक्कं होतं, पण मिस्त्रीची सवय. खालून बघता बघता त्याचा हात थबकला. हँडब्रेकची केबल तुटलेली होती. कालची तुटलेली नव्हे, टोकाला गंज धरला होता.

"ते तं दसऱ्यापासून बंदच हाय," हरीओम म्हणाला. "म्या सांगतलं नाई का?"

चांद खालीच पडून राहिला. हँडब्रेक नाही. गिअर न्यूट्रल. ब्रेकवर पाय नव्हता. अंगावर येणारा चढ. मग गाडी टेकली कशावर?

त्यानं अमानला मोटारसायकलवर मागे घेतलं आणि दिवस असतानाच तो घाटात गेला. जागा लगेच सापडली. मुरमावर घसरलेल्या चाकांचे दोन पट्टे होते, आणि ते जिथे संपत होते तिथून दरीची कड दीड हातावर होती. डाव्या चाकाच्या खुणेमागे बाभळीच्या लाकडाचा एक गुटका, म्हणजे ठोकळा, पडलेला होता. चढावर गाडी थांबली की मागे सरकू नये म्हणून मागचा माणूस उतरून चाकाखाली लावतो, तसला. त्यावर टायरची नक्षी खोल उमटली होती. चौदा तारखेच्या रात्री गाडी टेकण्याआधी तिघांपैकी कुणीही खाली उतरलेलं नव्हतं.

अमान मागे सरकला. चांदनं वाकून हात लावला. गुटक्याला दरीतल्या नाल्याचा काळा गाळ माखलेला होता. दिवसभर ऊन पडलं होतं, तरी तो गाळ ओलाच होता.